लाल मारुती 800: कम्पाउंडचे चार रविवार

गाडी 1996 ची आहे, लाल, आणि आप्पांची. ते रेल्वेत होते. रोज सकाळी ड्यूटीला निघण्याआधी जुन्या धोतराच्या मऊ फडक्याने गाडी पुसायचे, कोरडीच. पंचवीस वर्षं हा नेम चुकला नाही. फेब्रुवारीच्या एका सकाळी तिरप्या उन्हात बोनेट बघितलं, तर कोळ्याच्या जाळ्यासारखे गोल गोल ओरखडे दिसले. ते त्याच पुसण्याचे. ते काढायला कम्पाउंड करायचं ठरवलं, म्हणजे बारीक घासणाऱ्या पेस्टने रंगाचा अगदी पातळ थर उतरवायचा.

भुसावळकरांना कारण लगेच कळेल. आमचं घर रेल्वे यार्डापासून जवळ. ब्रेक आणि चाकं-रूळ यांच्या घर्षणातून सुटलेले लोखंडाचे बारीक कण रंगात रुततात. दीपनगरच्या औष्णिक वीजकेंद्राच्या बाजूने वारा आला की कोळशाची राख बसते, आणि तिच्यात सिलिकाचे कडक कण असतात. उन्हाळ्यात वर काळ्या मातीची धूळ. त्यावर कोरडं फडकं फिरवणं म्हणजे पॉलिश पेपरच फिरवणं. फडकं कितीही मऊ असो, त्यात अडकलेला कण मऊ नसतो.

पहिला रविवार नुसता धुण्यात गेला. दोन बादल्या घेतल्या, एकीत शॅम्पू आणि दुसरीत मिट (धुण्याचा मऊ हातमोजा) खळबळायला साधं पाणी. गाडी वाळल्यावर हातात प्लास्टिकची पातळ पिशवी घालून छपरावरून बोटं फिरवली. नुसत्या बोटांना रंग गुळगुळीत लागत होता, पण पिशवीतून रव्यासारखा खरखरीत. मग लोखंडाचे कण विरघळवणारा आयर्न रिमूव्हर मारला. कणांवर तो जांभळा होऊन ओघळायला लागला. त्यानंतर भरपूर शॅम्पूच्या पाण्यावर क्ले बार (रुतलेली घाण ओढून काढणारा चिकट गोळा) फिरवला, दाब न देता. बारचा एक तुकडा हातातून अंगणात पडला, तो तिथेच टाकून दिला. मातीचा एक खडा त्यात अडकला तरी रंगावर लांब रेघ उठते.

पाण्याचं एक सांगतो. आमच्या बोअरच्या पाण्यात क्षार फार, थेंब वाळला की पांढरा गोल उरतो. ताजे डाग पाणी मिसळलेल्या व्हिनेगरने निघाले, जुने कम्पाउंडशिवाय हलले नाहीत. आरओ मशीनमधून वाया जाणारं पाणी गाडीला वापरू नका, त्यात क्षार आणखी जास्त असतात.

दुसऱ्या रविवारी आधी रंग ओळखला. डिकीच्या आतल्या कडेला पांढऱ्या कापडावर पॉलिशचा थेंब घेऊन घासलं. कापड लाल झालं, म्हणजे वर क्लिअर कोट (रंगावरचा पारदर्शक थर) नाही, थेट रंगच आहे. क्लिअर कोट असता तर कापडावर रंग उतरला नसता. या एका गोष्टीवर पुढचं सगळं ठरतं, कारण अशा रंगात आपण घासतो तो रंगच कमी होत जातो. मित्राकडून रंगाची जाडी मोजणारं थिकनेस गेज आणलं. बोनेटवर 92 मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), छपरावर 71, डाव्या दरवाजावर तब्बल 380. तो दरवाजा कधीतरी ठोकून, पुट्टी भरून पुन्हा रंगवलेला आहे. छपराचा आकडा बघून तिथे दोनच फेऱ्या द्यायच्या, हे आधीच ठरवलं.

बोनेटवर मास्किंग टेपने दीड फुटाचा चौकोन आखला आणि सगळ्यात सौम्य पॉलिश मऊ फोम पॅडवर घेऊन सुरुवात केली. पांढुरकेपणा गेला, जाळं राहिलं. मग मध्यम कम्पाउंड आणि जरा कडक पॅड. त्याने जाळं गेलं. म्हणून जाड रबिंग कम्पाउंडचा डबा मी उघडलाच नाही. (पॅडच्या रंगावर विसंबू नका. एका कंपनीचा पिवळा मऊ असतो, दुसरीचा कडक.) सौम्य आधी, कडक नंतर, हा क्रम आपल्यातले बरेच जण घाईत उलटा करतात. गेलेला मायक्रॉन परत येत नाही.

माझं मशीन डीए आहे, म्हणजे पॅड फिरता फिरता डुलतोही; नुसतं गोल फिरणारं रोटरी नाही. पॅडवर वाटाण्याएवढे चार थेंब, पहिल्या स्पीडला पसरवायचं, मग चौथ्या-पाचव्याला उभ्या-आडव्या मिळून सहा फेऱ्या. प्रत्येक फेरी आधीच्या फेरीवर अर्धी चढवायची आणि हात सेकंदाला इंचभरच सरकवायचा. मेलेला रंग निघून पॅड पटकन लालभडक होतो आणि भरतो. भरलेला पॅड कापत नाही, नुसता तापतो. मी दर चौकोनानंतर पॅड ब्रशने झाडला, भरला की बदलला. एका बोनेटला तीन पॅड लागले.

तिसरा रविवार मार्चअखेरीचा, आणि तिथे चूक झाली. नऊ वाजले तरी मी थांबलो नाही. पत्रा तापला होता, कम्पाउंड पसरायच्या आत वाळून पीठ होत होतं. ते ओलं करायच्या नादात बोनेटच्या पुढच्या कडेवर मशीन जास्त वेळ राहिलं आणि बोटाच्या पेराएवढा रंगाखालचा करडा प्रायमर उघडा पडला. कडांवर रंग मुळातच पातळ बसतो. टेप मी बोनेटच्या खाचांना लावली होती, पुढच्या कडेला नव्हती. त्या जागी आता बारीक ब्रशने टचिंग केलं आहे, जवळून दिसतं. तेव्हापासून पहाटे साडेपाचला सुरुवात आणि आठला मशीन बंद. पत्र्यावर तळहात आरामात टेकवता येत नसेल तर कम्पाउंड काढायचंच नाही. मे महिन्यात आमच्याकडे पारा 45 च्या वर जातो, तेव्हा सावलीतला पत्रासुद्धा दुपारी हात लावू देत नाही.

बोनेट झाल्यावर एक भाग आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि पाच भाग डिस्टिल्ड पाणी अशा मिश्रणाने पुसलं. काही कम्पाउंडमधले तेलकट पदार्थ ओरखडे तात्पुरते बुजवतात, पहिल्या दोन धुण्यांत ओरखडे परत दिसायला लागतात. पुसल्यावरही जाळं दिसलं नाही. गेजवर 88. चार मायक्रॉनमध्ये आरशासारखं नाही, पण खोल, ओला वाटणारा लाल रंग आला. शेजारच्या काकांनी फाटकातून विचारलं, "काय भो, रंग मारला का नवा?"

चौथ्या रविवारी छप्पर आणि उजवी बाजू. छपराचा एक कोपरा फिका राहिला, त्याला हात लावला नाही. मागच्या दरवाजावर एक ओरखडा आहे, त्यात नख अडकतं. नख अडकलं की तो कम्पाउंडचा विषय राहत नाही. तो काढायचा तर आजूबाजूचा रंग त्याच्या तळापर्यंत उतरवावा लागेल. तो तसाच राहील.

वर संरक्षणासाठी कार्नोबा (ताडासारख्या झाडाच्या पानांचं) वॅक्सऐवजी सिंथेटिक सिलंट लावलं. कार्नोबाची झळाळी मला जास्त आवडते, पण आमच्या उन्हाळ्यात ती फार टिकत नाही.

डावी बाजू आणि डिकी बाकी आहे. आप्पांना पिशवीत हात घालून बोनेटवर फिरवायला लावला. ते बराच वेळ फिरवत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी फडकं घेऊन बाहेर आले, तेव्हा मी शॅम्पूची बादली आणि मिट तयार ठेवलं होतं. त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं आणि आधी नळी सोडायला सांगितली.