लाईट असताना घालवली

19 वर्षं झाली मला नाशकात वायरमनकी करताना. लाईट गेली की फोन येणार, मग आपण निघायचं. आषाढातल्या त्या संध्याकाळी मात्र पंचवटीतल्या त्या गल्लीतून एकही तक्रार नव्हती, तरी साहेबांचा फोन आला. "डीपीच्या मीटरचा मेसेज आलाय. आर 184, वाय 262, बी 251."

डीपी म्हणजे गल्लीला वीज देणारा ट्रान्सफॉर्मर. आर, वाय, बी हे त्याचे तीन फेज, म्हणजे तीन चालू तारा, आणि आकडे त्यांच्या व्होल्टेजचे. पोटात गोळाच आला. एक फेज पडलेला, दोन चढलेले, म्हणजे न्यूट्रल, तिन्ही फेजची परतीची तार, सुटत चाललाय. पुरता सुटला तर घरात 230 च्या जागी 400 व्होल्टपर्यंत जाऊ शकतात. मागे एकदा असं झालं तेव्हा आम्हाला कळलं ते सात घरांतले टीव्ही-फ्रिज जळाल्यावर. एक ताई जळका मिक्सर घेऊन दारात उभ्या होत्या. त्यांना काय सांगायचं, मला सुचलं नव्हतं.

घरोघरच्या स्मार्ट मीटरवर लोकांचा राग आहे, तो मी रोज ऐकतो. बिलाची शंका फेडलीच पाहिजे. पण डीपीवरचा मीटर ही वेगळी गोष्ट. तो तिन्ही फेजवर नजर ठेवतो आणि व्होल्टेज बिघडलं की स्वतःच कळवतो.

पोचलो तर सगळीकडे उजेड. मी स्विच खाली घेणार तोच एक मावशी ओरडल्या, "अरे दादा, चालू लाईट कशाला घालवतोस? पोरांची जेवणं चाललीत!" त्यांच्याच सॉकेटमध्ये मल्टिमीटर लावून दाखवला. 258. त्यांनी न बोलता टीव्हीची पिन काढली आणि शेजारी सांगायला धावल्या.

स्विच उघडला, लाईनमधली उरलीसुरली वीज जमिनीत सोडणारा डिस्चार्ज रॉड लावला, वर चढलो. न्यूट्रलचा नट बोटानं फिरत होता. तारेच्या टोकाला बसवलेला लग काळा पडलेला, केबलचं प्लास्टिक वितळून खाली ओघळलेलं, ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी. भर पावसात हेल्परनं डोक्यावर ताडपत्री धरली. जळकं टोक कापलं, तार घासली, नवा लग क्रिंप करून, म्हणजे दाबून बसवून, नट आवळला. पाऊण तास गेला.

लाईट दिल्यावर मावशींकडेच मोजलं, 231. त्यांनी चहा ठेवलाच होता.

त्याच फीडरवरच्या, म्हणजे त्याच मुख्य लाईनवरच्या, पुढच्या दोन डीपींना अजून मीटर नाही. उद्या सकाळी लाईन बंद ठेवायचं परमिट घेऊन तिथले न्यूट्रल हातानंच तपासायचेत.