मुदतवाढीच्या सहा पत्रांसाठी पाच महिने

"ताई, ती फाइल वर गेलीये." जून ते ऑक्टोबर 2023 या काळात हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलं की पुढे पुढे खिडकीसमोर उभी राहिले की तेच कानावर येणार हे ठरलेलंच असायचं. वर म्हणजे कुठे, हे शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. कार्यालयाचं नाव मी लिहीत नाही. पण दरडग्रस्तांच्या कंटेनरच्या भाड्याचे कागद माहिती अधिकारात काढताना मी जिथे अडकले तिथे दुसरं कुणी अडकू नये, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

जुलै 2021 च्या पावसात रायगडात तळीये गाव दरडीखाली गेलं, ते सगळ्यांना आठवत असेल. त्याच आठवड्यात आमच्या वाडीच्या वरच्या डोंगरालाही भेग पडली. सुदैवाने माणूस कुणी गेलं नाही, पण बारा घरं राहण्यासारखी उरली नाहीत. माझी आत्या त्यातल्याच एका घरात राहायची. आधी सगळे शाळेत होते, मग ऑक्टोबरात कंटेनर आले. दहा बाय वीस फुटांची एक पत्र्याची खोली, आत एक खिडकी, एक पंखा आणि बाहेर सामायिक संडास. "सहा महिन्यांत पक्की घरं," असं तेव्हा सांगितलं होतं. मार्च-एप्रिलमध्ये दुपारी बारानंतर आत बसवत नाही. आत्या सुपलीत तांदूळ घेऊन फणसाखाली जाऊन बसते आणि ऊन कललं की परत येते. पावसात पत्र्याचा आवाज इतका होतो की रेडिओ ऐकू येत नाही.

माझं सासर औसा तालुक्यातलं. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपानंतर पत्र्याच्या शेडमध्ये काढलेले दिवस सासूबाई अजून सांगतात. त्यामुळे "तात्पुरतं" हा शब्द कागदावर दिसला की मी लगेच तारीख शोधते.

एप्रिल 2023 मध्ये मी पहिला अर्ज केला. जोडपत्र 'अ'चा नमुना भरला, 10 रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावला आणि विषयात लिहिलं, "तात्पुरत्या निवाऱ्यावर झालेल्या एकूण खर्चाची माहिती मिळावी." वेळेत उत्तर आलं, "मागितलेली माहिती संकलित स्वरूपात उपलब्ध नाही." ही चूक माझी होती. आहे तो कागद द्यायला ते बांधील असतात, नवा हिशोब मांडून द्यायला नाही. म्हणून 'खर्च' मागू नका, कागदांची नावं लिहून मागा: प्रशासकीय मान्यता, अंदाजपत्रक, आलेली दरपत्रकं (पुरवठादारांनी कळवलेले दर), त्यांचा तुलनात्मक तक्ता, कार्यादेश (ठेकेदाराला काम दिल्याचा आदेश), मुदतवाढीची पत्रं, देयकं (बिलं), मोजमाप पुस्तक. राज्याच्या नियमाप्रमाणे अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत लागतो. कागदांची नावं त्यात सहज बसतात.

जूनच्या पहिल्या आठवड्यात दुसरा अर्ज गेला, तो असा. एकोणतिसाव्या दिवशी जाड पाकीट आलं आणि मला वाटलं, झालं काम. आत कार्यादेशाची प्रत होती. ठेकेदाराचं काम, बारा कंटेनर, सहा महिन्यांचं भाडं, वाहतूक, क्रेन, संडासाचं युनिट, सगळं त्यात होतं. दरपत्रकं मात्र माहिती अधिकार कायद्याच्या कलम 8(1)(घ) खाली नाकारली होती, कारण व्यापारी गुपित. मुदतवाढीची पत्रं म्हणे "या कार्यालयाशी संबंधित नाहीत", म्हणून कलम 6(3) खाली अर्जाचा तेवढा भाग दुसऱ्या कार्यालयाकडे पाठवला होता.

इथून पुढचे तीन महिने माझे या मुदतवाढीच्या पत्रांवर गेले.

दुसऱ्या कार्यालयाने पत्र लिहिलं की भाड्याची देयकं आम्ही काढत नाही, ती मूळ कार्यालयच काढतं, म्हणून अर्ज परत. मूळ कार्यालयाने तो तिसरीकडे पाठवला आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्याकडे. प्रत्येक वेळी मला एक प्रत यायची, "आपल्या माहितीस्तव". ही पत्रं मी जपून ठेवली, पाकिटांसकट. पाकिटावरच्या टपालाच्या शिक्क्याची तारीख आणि आतल्या पत्रावरची तारीख यांत एकदा अकरा दिवसांचं अंतर होतं. पुढे सुनावणीत हे पाकीट माझ्या फार कामाला आलं.

मी शाळेत शिकवते, त्यामुळे अर्धी रजा टाकून जायचे. एसटीने सव्वा तास लागायचा. जेवणाच्या सुट्टीआधी पोचलं तर कारकून भेटायचे. भाऊसाहेब बोलायला चांगले होते, एकदा त्यांनी चहाही दिला. पण फाइल विचारली की वर. आवक खिडकीवर पोच मागितली तर शिक्का मारायचे, तारीख टाकायची राहून जायची. मी पेन पुढे करून "तारीख टाका" म्हटल्याशिवाय हलायचे नाही, आणि तुम्हीही हलू नका. तारखेशिवायची पोच अपिलात कुणी विचारात घेत नाही.

याच काळात, 19 जुलै 2023 च्या रात्री, खालापूरची इर्शाळवाडी दरडीखाली गेली. वाचलेल्या लोकांसाठी कंटेनर येत असल्याच्या बातम्या दिसू लागल्या. मी त्या दिवशी बसस्टँडवर उभी होते आणि माझ्या पिशवीत त्या तीन कार्यालयांची पत्रं होती. मला रडू आलं. त्यांनाही कुणीतरी सहाच महिने सांगितले असतील, असं वाटत राहिलं.

पहिलं अपील ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात टाकलं. जोडपत्र 'ब', 20 रुपयांचा स्टॅम्प. उत्तर मिळाल्यापासून 30 दिवसांच्या आत ते टाकावं लागतं, आणि कलम 6(3) ची पत्रं येत असताना माणूस "अजून उत्तर येतंय" म्हणून थांबतो. माझे शेवटचे दोन दिवस उरले होते. थांबू नका. सुनावणी दोनदा पुढे गेली, एकदा अपील ऐकणारे साहेब दौऱ्यावर म्हणून आणि एकदा नुसतंच "पुढील तारीख कळवण्यात येईल".

कोंडी फुटली ती एका सोमवारी. राज्यात जिल्हास्तरीय कार्यालयांत दर सोमवारी दुपारी 3 ते 5 नागरिकांना अभिलेख पाहता येतात, हे मला आमच्या एका निवृत्त मुख्याध्यापकांनी सांगितलं. मी जिल्ह्याच्या ठिकाणी गेले आणि देयकांची नोंदवही मागितली. लांबट रजिस्टर होतं, कोपरे मुडपलेले. कंटेनरच्या भाड्याच्या प्रत्येक देयकासमोर एक संदर्भ होता: मुदतवाढ पत्र, जावक क्रमांक अमुक, दिनांक अमुक. अशी सहा पत्रं. मी सहाही क्रमांक वहीत उतरवले आणि हात थरथरत असल्याने दोन पुन्हा तपासले.

एकदा जावक क्रमांक हाती आला की "उपलब्ध नाही" म्हणता येत नाही. तो क्रमांक कुणाच्या तरी जावक वहीत असतोच. सुनावणीत मी ते सहा क्रमांक आणि ते पाकीट पुढे ठेवलं. साहेबांनी विचारलं, "तुम्हाला हे कशासाठी हवंय?" कलम 6(2) प्रमाणे कारण सांगावं लागत नाही, तरी मी सांगितलं, "माझी आत्या त्यात राहते." ते थोडा वेळ गप्प बसले. मग आदेश झाला: पंधरा दिवसांत, आणि मुदत उलटल्यामुळे कलम 7(6) प्रमाणे विनामूल्य. दरपत्रकांबद्दलही त्यांनी म्हटलं की काम देऊन झाल्यावर सरकारी पैशाच्या दरात गुपित राहत नाही. एवढ्या पंधरा मिनिटांसाठी मी तीन महिने फिरले.

कागद ऑक्टोबरच्या शेवटी आले. दरपत्रकांत एका पुरवठादाराने कंटेनर विकत देण्याचाही दर दिला होता. तुलनात्मक तक्त्याखाली शेरा होता: गरज सहा महिन्यांची असल्याने भाड्याने घेणे किफायतशीर. आणि तो शेरा त्या दिवशी बरोबर होता, हे मी मनापासून लिहिते. सहा महिन्यांना भाडंच स्वस्त पडतं. पण मग तीन-तीन महिन्यांच्या सहा मुदतवाढी झाल्या, म्हणजे एकूण चोवीस महिने. भाडं ठरल्याच्या चौपट झालं. मी बोटं मोजून हिशोब केला, तर विकतचा दर चौदाव्या महिन्यातच ओलांडला गेला होता. म्हणजे नोव्हेंबर 2022 नंतर आपण दर महिन्याला स्वतःच्या मालकीच्या होऊ शकणाऱ्या वस्तूचं भाडं भरत होतो. सहापैकी एकाही मुदतवाढ पत्रावर तो तुलनात्मक तक्ता पुन्हा काढून पाहिल्याची नोंद नाही. सहाही पत्रांत मजकूर एकच आहे, फक्त तारखा बदलल्यात.

मला जास्त लागलं ते पुढचं. 2021 मध्ये पूर्ण पडलेल्या पक्क्या घराला केंद्राच्या आपत्ती निकषात मैदानी भागासाठी 95,100 रुपये धरलेले होते. एका कंटेनरचं दोन वर्षांचं भाडं त्याच्या दुपटीहून जास्त झालं, वाहतूक आणि क्रेन वेगळी. ठेकेदाराने पैसे खाल्ले असं मी म्हणत नाही, देयकं कार्यादेशातल्या दराप्रमाणेच आहेत. खर्च वाढला तो पक्क्या घरांची जागा ठरेना म्हणून. पहिली जागा भूवैज्ञानिक अहवालात असुरक्षित ठरली, दुसरीच्या मोजणीला उशीर झाला, आणि त्या प्रत्येक महिन्याचं भाडं चालू राहिलं.

एक सांगायचं राहिलं. कार्यादेशात देखभाल ठेकेदाराकडेच होती. पत्रे गळत होते आणि लोक स्वतःच्या पैशाने ताडपत्री टाकत होते. तो कागद हातात आल्यावर मी कलमाची झेरॉक्स लावून वाडीच्या सह्यांचं पत्र दिलं, आणि नऊ दिवसांत माणूस येऊन पत्र्यांच्या सांध्यांना सीलंट भरून गेला. म्हणून कार्यादेश आला की आधी देखभालीचं कलम वाचा.

कागद घेऊन मी आत्याकडे गेले. तिने चष्मा लावून सगळी पानं उलटली, आकड्यांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "अगं, एवढ्यात माझ्या दोन खोल्या झाल्या असत्या." मी काही बोलले नाही.

दुसऱ्या जागेच्या मोजणीच्या फाइलसाठी नवा अर्ज मी कालच दिलाय, पोचेवर तारखेसकट.