मस्तिष्कस्तंभ आणि लहान मेंदू: माणसात आणि वानरांत

नागपुरात पहिल्या वर्षाच्या वैद्यकीय विद्यार्थ्यांना मी शरीररचनाशास्त्र शिकवते. विच्छेदनगृहात मेंदू हाती आला की सगळ्यांचे लक्ष मोठ्या मेंदूच्या वळ्यांकडे जाते, आणि मस्तिष्कस्तंभ (मेंदूला मज्जारज्जूशी जोडणारा देठ) व त्याच्या मागचा लहान मेंदू यांची पाळी येते ती तास संपत आल्यावर. या घाईला वेळेची टंचाई हे एकच कारण नसते. श्वास, हृदयाचे ठोके, गिळणे, तोल सांभाळणे ही कामे सरड्यापासून माणसापर्यंत सर्वांनाच करावी लागतात. तेव्हा ती करणारा भाग सर्वांत सारखाच असणार आणि माणसाचे वेगळेपण वरच्या बाह्यकातच (मोठ्या मेंदूच्या बाहेरच्या थरातच) असणार, ही समजूत त्यामागे असते. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ पॉल मॅक्लीन यांनी 1960च्या दशकात मांडलेल्या त्रिस्तरीय मेंदूच्या (खाली सरपटणाऱ्या प्राण्यांचा, त्यावर आद्य सस्तन प्राण्यांचा आणि सर्वांत वर नवा, असे थर मानणाऱ्या) कल्पनेने ती अधिकच रुजवली. तुलनात्मक शरीररचनेत मात्र तिला आधार सापडत नाही. बाह्यक वाढत गेले तसा त्याच्याशी जोडलेला खालचा भागही नव्याने घडत गेला, आणि त्याच्या काही खुणा तर नुसत्या डोळ्यांनी दिसतात.

त्यातली सर्वांत ठळक खूण म्हणजे पॉन्स, मस्तिष्कस्तंभाचा मधला भाग. मांजराचा किंवा कुत्र्याचा मस्तिष्कस्तंभ पोटाकडच्या बाजूने पाहिला तर पॉन्सच्या खालच्या काठाशी श्रवणमार्गाच्या आडव्या तंतूंचा एक पट्टा, म्हणजे ट्रॅपेझॉइड बॉडी, उघडा दिसतो. माणसातही तो असतो. परंतु पॉन्सचा पुढचा भाग इतका फुगलेला असतो की तो पूर्ण झाकला जातो आणि पाहायचा असेल तर आडवा छेद घ्यावा लागतो. हा फुगवटा बाह्यकाकडून लहान मेंदूकडे जाणाऱ्या रस्त्याचा आहे. बाह्यकातून उतरलेले तंतू पॉन्समधल्या केंद्रकांत (चेतापेशींच्या पुंजक्यांत) संपतात, आणि तिथून निघालेले नवे तंतू मध्यरेषा ओलांडून लहान मेंदूच्या विरुद्ध अर्धगोलात शिरतात. माणसात दर बाजूला असे अंदाजे 2 कोटी तंतू पॉन्सकडे उतरतात, तर मज्जारज्जूकडे जाणाऱ्या पिरॅमिडल मार्गात सुमारे 10 लाखच असतात. हे दोन आकडे मी फळ्यावर शेजारी शेजारी लिहिते, कारण बाह्यकाची स्नायूंकडे जाणारी वाट लहान मेंदूकडे जाणाऱ्या वाटेच्या मानाने किती अरुंद आहे, हे दुसऱ्या कोणत्याही प्रकारे इतक्या लवकर पटत नाही. शिवाय हे तंतू येतात कुठून, हेही प्राण्यागणिक बदलते. नरेंदर रामनानी आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये एमआरआयच्या साहाय्याने मकाक माकडे आणि माणसे यांची तुलना केली, तेव्हा मकाकमध्ये हालचालींशी संबंधित बाह्यकाचे तंतू या मार्गात वरचढ ठरले, तर माणसात कपाळामागच्या, नियोजन आणि विचार यांच्याशी निगडित बाह्यकाचा वाटा बराच मोठा निघाला.

लहान मेंदूच्या आकाराविषयी मात्र सावधपणे बोलावे लागते. माणसाच्या मेंदूत सुमारे 86 अब्ज चेतापेशी असतात आणि त्यांपैकी सुमारे 69 अब्ज लहान मेंदूत असतात, हे 2009 मध्ये सुझाना हर्क्युलानो-हाउझेल यांच्या गटाने मोजून दाखवले. मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या वाट्याला जेमतेम 16 अब्ज येतात. हे ऐकून विद्यार्थी थक्क होतात आणि लगेच त्यातून माणसाचे श्रेष्ठत्व काढू पाहतात. तसे ते निघत नाही. बाह्यकातल्या एका पेशीमागे लहान मेंदूत साधारण चार पेशी हे प्रमाण इतर अनेक सस्तन प्राण्यांतही थोड्याफार फरकाने आढळते, आणि आफ्रिकी हत्तीच्या 257 अब्ज चेतापेशींपैकी तर 97 टक्क्यांहून अधिक लहान मेंदूतच आहेत. नुसत्या गणतीपेक्षा मला पृष्ठभागाचे मोजमाप अधिक बोलके वाटते. मार्टिन सेरेनो आणि सहकाऱ्यांनी 2020 मध्ये माणसाच्या लहान मेंदूचे बाह्यक त्याच्या बारीकात बारीक घड्यांसह संगणकावर उलगडले. त्याचे क्षेत्रफळ सुमारे 1590 चौरस सेंटिमीटर, म्हणजे मोठ्या मेंदूच्या बाह्यकाच्या 78 टक्के भरले. मकाकमध्ये हेच प्रमाण 33 टक्के होते. याच्या आधी, 2014 मध्ये, रॉबर्ट बार्टन आणि क्रिस व्हेंडिटी यांनी असे दाखवले होते की, गिबनपासून माणसापर्यंतच्या शेपूटहीन वानरांच्या शाखेत लहान मेंदू हा बाह्यकाच्या वाढीवरून अपेक्षित असलेल्या वेगापेक्षा अधिक वेगाने वाढला. ही वाढ मुख्यतः बाजूच्या अर्धगोलांत झाली. मधला व्हर्मिस, जो धड आणि तोल सांभाळतो, त्या मानाने मागे राहिला.

अर्धगोल वाढले की त्यांचे निर्गमद्वारही वाढणार. अर्धगोलांतून बाहेर पडणारा संदेश लहान मेंदूच्या आत असलेल्या डेंटेट केंद्रकातून जातो. मकाकमध्ये त्याची कड थोड्याच वळणांची असते. माणसात ती चुरगळलेल्या पिशवीसारखी घडीवर घडी पडलेली दिसते. याच्याशी मिळतीजुळती घडण लंबमज्जेतल्या (मस्तिष्कस्तंभाच्या सर्वांत खालच्या भागातल्या) प्रमुख ऑलिव्ह या केंद्रकाची आहे, आणि हा केवळ दिसण्यातला सारखेपणा नाही. लहान मेंदूतल्या प्रत्येक पर्किन्ये पेशीला (बाह्यकातून संदेश बाहेर नेणाऱ्या पेशीला) विरुद्ध बाजूच्या ऑलिव्हकडून एकच चढता तंतू मिळतो, त्यामुळे अर्धगोल, डेंटेट आणि प्रमुख ऑलिव्ह यांचे एक वर्तुळ बनते. वर्तुळाचा एक भाग वाढून बाकीचे तसेच राहणे शक्य नव्हते. माणसाच्या लंबमज्जेवर पिरॅमिडच्या (पिरॅमिडल मार्गाच्या उभ्या उंचवट्याच्या) बाहेरच्या बाजूला जो लंबगोल उंचवटा बोटाला सहज लागतो, तो या वाढीचाच परिणाम आहे. डेंटेटचे काम हालचालीपुरते नाही, याचा पुरावा माकडांकडूनच मिळाला. फ्रँक मिडलटन आणि पीटर स्ट्रिक यांनी 1994 मध्ये हर्पीसचा विषाणू माग काढण्यासाठी वापरून डेंटेटच्या पोटाकडच्या भागातून कपाळामागच्या बाह्यकाकडे जाणारी वाट दाखवून दिली. माणसात वाढला आहे तो विशेषतः हाच भाग. जेरेमी श्माहमान यांनी 1998 मध्ये लहान मेंदूच्या आजारात नियोजन, भाषा आणि भावना यांच्यात येणाऱ्या बिघाडाचे वर्णन केले, त्याची शारीरिक बाजू इथे सापडते.

मध्यमेंदूतल्या, म्हणजे मस्तिष्कस्तंभाच्या वरच्या भागातल्या, रेड न्यूक्लियसची गोष्ट याच्या उलट आहे, कारण तिथे माणसाने काही गमावले आहे. या केंद्रकाचे दोन भाग असतात. मोठ्या पेशींचा भाग थेट मज्जारज्जूला तंतू पाठवतो आणि लहान पेशींचा भाग ऑलिव्हशी जोडलेला असतो. मांजरात मोठ्या पेशींचा भाग प्रबळ असतो, मकाकमध्येही तो चांगला कामाचा असतो, आणि माणसात अगदी थोड्या पेशी उरतात, ज्यांचे तंतू मज्जारज्जूच्या मानेतल्या वरच्या भागापलीकडे फारसे जात नाहीत. डोनाल्ड लॉरेन्स आणि हेन्रिकस काइपर्स यांनी 1968 मध्ये माकडांचे दोन्ही पिरॅमिडल मार्ग छेदले, तेव्हा ती माकडे काही काळाने बसू, चालू आणि चढू लागली. फक्त एकेक बोट सुटे हलवण्याची क्षमता परतली नाही. त्यानंतर रेड न्यूक्लियसकडून येणारा मार्गही तोडल्यावर त्यांचा हातच निकामी झाल्यासारखा झाला. पक्षाघातानंतर माणसाचा हात माकडाइतका का सुधारत नाही, या प्रश्नाच्या उत्तराचा काही अंश इथे आहे, आणि माकडांवर यशस्वी झालेल्या उपचारांच्या बातम्या वाचताना तो विसरू नये असे मला कळकळीने वाटते.

रामटेकच्या गडावरचे काळ्या तोंडाचे वानर आपण सर्वांनी पाहिले आहेत. या कठड्यावरून त्या झाडावर झेप घेताना त्यांचा तोल तसूभर ढळत नाही, आणि व्हर्मिस व संतुलनकेंद्रकांच्या बाबतीत आपण त्यांच्यापेक्षा काही विशेष आहोत असे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही. मात्र त्यांचा अंगठा आखूड असतो आणि फांदी पकडताना चार बोटेच मुख्य काम करतात. अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत बारीक वस्तू धरून फिरवणे हे वेगळे कौशल्य आहे, आणि बाह्यकातून निघून मज्जारज्जूतल्या स्नायूचालक पेशींना थेट जाऊन भिडणाऱ्या तंतूंवर ते बरेच अवलंबून असते. दक्षिण अमेरिकेतली कॅपुचिन माकडे आणि स्क्विरल माकडे जवळची नातलग असूनही हे थेट तंतू कॅपुचिनमध्ये बरेच अधिक असतात, आणि बोटांचे कसबही त्यांच्याचकडे आहे.

स्वरयंत्राच्या बाबतीतला फरक याहून मोठा आहे. लंबमज्जेतले न्यूक्लियस ॲम्बिग्युअस स्वरयंत्राचे स्नायू चालवते. काइपर्स यांच्या 1958 मधल्या अभ्यासांपासून असे मानले जाते की, माणसात बाह्यकाचे तंतू या केंद्रकापर्यंत थेट पोचतात, चिंपांझीत ते विरळ आहेत, आणि माकडांत जवळजवळ नाहीत. माकडांच्या बाह्यकातले स्वरयंत्राचे क्षेत्र दोन्ही बाजूंनी नष्ट केले तरी त्यांचे ओरडणे, इशारे देणे चालू राहते, कारण ते मध्यमेंदूतल्या करड्या भागाकडून चालवले जाते. माणसात तशीच इजा झाली तर वाचा जाते. वेदनेने निघणारी किंकाळी आणि जाणून उच्चारलेला शब्द या दोहोंचा शेवटचा टप्पा एकच केंद्रक आहे, पण तिथवर येणाऱ्या वाटा निराळ्या आहेत, आणि दुसरी वाट लंबमज्जेतच शोधावी लागते.

आणखी एक बाब पुस्तकातल्या आकृत्यांमुळे हरवते. माणसात डेंटेट आणि प्रमुख ऑलिव्ह यांच्या घड्या माणसागणिक वेगळ्या असतात, आणि एकाच माणसात डावी व उजवी बाजूही तंतोतंत जुळत नाही. म्हणून एका मेंदूचा एक छेद दाखवून मी आता थांबत नाही. देहदानातून आलेला मेंदू ज्या टेबलावर असेल, त्या गटाने लंबमज्जेचा छेद ऑलिव्हच्या मधोमध आणि लहान मेंदूचा छेद डेंटेटच्या पातळीवर घ्यावा, दोन्ही बाजूंची कड स्वतःच्या हाताने रेखाटावी, आणि मग शेजारच्या टेबलावरच्या रेखाटनाशी ताडून पाहावी, असा क्रम मी आमच्या विच्छेदनगृहात ठेवला आहे. आणि त्यासाठी मस्तिष्कस्तंभाचा तास मेंदूच्या विच्छेदनाच्या सुरुवातीलाच घेते.