रात्रीचा एक तास

दुकान बंद करून, पोरीला झोपवून साडेदहाला डीसीएस या विमान उडवायच्या कॉम्प्युटर गेममध्ये एफ-१६ लढाऊ विमान काढलं. रत्नागिरीत पाऊस नुसता कोसळत होता. हातात जेमतेम एक तास, तोही लाईट राहिली तर.

आयएनएस, म्हणजे विमानाला आपली जागा आणि दिशा सांगणारी यंत्रणा. उड्डाणाआधी तिची जुळवणी, म्हणजे अलाइनमेंट, पूर्ण करायची तर ८ मिनिटं. आधी साठवून ठेवलेल्या दिशेवर दीड मिनिटात होते, शिवाय सगळं आपोआप सुरू करायची सोयही आहेच. नाही वापरली. अलाइनमेंटचा आकडा हळूहळू उतरत १० वर आला, ‘रेडी’ हा शब्द लुकलुकायला लागला, तेव्हा नॉब फिरवला. ते लुकलुकणं बघायलाच तर मी बसतो! त्यापायी लढाईचं मिशन सोडलं. हवेत इंधन भरायचा सरावही रविवारवर ढकलला.

नुसतं उड्डाण, एक फेरी आणि लँडिंग. चाकं अलगद टेकली. बाहेर पाऊस तसाच.