बुर्सा: सराईतला चहा

तुर्कस्तानला जाणारी आपली बहुतेक मंडळी इस्तंबूल, कॅपाडोशिया, पामुक्काले करून परततात. बुर्सा राहून जातं. ते राहू नये, असं मला मनापासून वाटतं. ऑटोमन घराण्यातल्या ऑर्हान गाझीने १३२६ मध्ये हे शहर घेतलं आणि ऑटोमनांनी इथे राजधानी केली. २०१४ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे. पण मला त्याचा लळा लागला तो वेगळ्या कारणाने. इथल्या जुन्या वास्तू अजून माणसांच्या रोजच्या वापरात आहेत, आणि माणसांना तिथे धरून ठेवण्यात चहाचा वाटा मोठा आहे.

इस्तंबूलच्या एमिनोनू धक्क्यावरून बोट मार्मारा समुद्र ओलांडून मुदान्याला लागते. तिथून पुढे थोडा रस्त्याचा प्रवास, की समोर उलुदागचा डोंगर आणि त्याच्या पायथ्याशी पसरलेलं बुर्सा.

आम्ही सामान टाकून थेट कोझा हानमध्ये गेलो. हान म्हणजे व्यापाऱ्यांची सराई. ही ऑटोमन सुलतान दुसऱ्या बायेझिदच्या हुकमाने १४९१ मध्ये बांधली. रेशमाचे कोष इथे विकायला यायचे, त्यावरूनच तिचं नाव. चौसोपी दगडी इमारत, दोन मजले, मधल्या अंगणात खांबांवर उचललेली छोटीशी मशीद आणि तिच्या खाली पाण्याचा हौद. वरच्या मजल्यावर आजही रेशमी रुमालांची दुकानं आहेत. आणि अंगणात झाडांच्या सावलीला टेबलं मांडून चहा. तिकीट नाही, दोरखंड लावलेले नाहीत. बाजाराच्या पिशव्या पायाशी ठेवून बसलेल्या बायका, एकाच पेल्यावर दुपार काढणारे आजोबा, अभ्यासाची वही उघडलेली मुलं. कोणीही येऊन ‘आणखी काही हवंय का, नाहीतर उठा’ असं सुचवत नाही. मला हे फार मोलाचं वाटलं.

चहा कसा होतो ते मी मुद्दाम आत डोकावून पाहिलं. एकावर एक अशा दोन किटल्या. खालचीत पाणी उकळत असतं, वरचीत त्या वाफेवर चहा मुरत असतो. कमरेत बारीक झालेल्या काचेच्या पेल्यात आधी वरचा गडद अर्क, मग हवं तेवढं खालचं पाणी. कडक हवा असेल तर ‘कोयू’ म्हणायचं, फिका हवा तर ‘आचिक’. दूध नाही, आलं नाही, बशीत साखरेचे तुकडे. पेला कडेला धरायचा, नाहीतर बोटं पोळतात. पहिल्या दिवशी माझ्या नवऱ्याला दुधाची आठवण येत होती, नंतर त्यानेच ‘कोयू’ मागायला सुरुवात केली.

एवढा हाडीमाशी खिळलेला चहा इथे तसा अलीकडचा आहे. ऑटोमन काळ कॉफीचा. काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड जोर धरू लागली ती प्रजासत्ताक आल्यावर, आणि तिथला पहिला चहा कारखाना १९४७ चा.

जेवणाचं म्हणाल तर बुर्सा म्हणजे इस्केंदर कबाब. एकोणिसाव्या शतकातल्या इस्केंदर एफेंदींचं नाव त्याला मिळालं. पिदे रोटीचे तुकडे, त्यावर डोनरचे, म्हणजे उभ्या सळईवर भाजलेल्या मांसाचे पातळ काप, टोमॅटोचा रस, कडेला दह्याचा गोळा. ताट समोर आलं की वाढपी छोटं भांडं घेऊन येतो आणि कडकडीत लोणी वरून ओततो. चर्र आवाज होतो, खालची पिदे ते सगळं शोषून घेते. सोबत ‘शिरा’ मागवा, द्राक्षांचं आंबटगोड पेय असतं.

पण रोज जेवावं ते ‘एस्नाफ लोकांता’मध्ये, म्हणजे बाजारातल्या कामकऱ्यांच्या खानावळीत. काचेमागे गरम पदार्थांची भांडी मांडलेली, बोट दाखवायचं आणि ताट भरून घ्यायचं. आपल्यातल्या शाकाहारी मंडळींचीही इथे सोय होते. ऑलिव्ह तेलात शिजवलेली फरसबी, भरलेली वांगी, भात, लिंबू पिळलेलं मसुराचं सूप. मात्र सुपात किंवा राजम्यासारख्या कुरू फसुल्येत मांसाचा रस असू शकतो, म्हणून ‘एतसिझ?’ (मांसाशिवाय?) असं विचारून घ्या. पाव हवा तेवढा. दुपारी लवकर जा. उशीर झाला की भांडी रिकामी होत जातात.

उलुदागच्या वाटेवर इन्काया गावात सुमारे सहाशे वर्षांचा चिनार आहे. फांद्या इतक्या लांब गेल्यात की त्यांना खालून टेकू दिलेत. त्या फांद्यांखाली चहाची बाग आहे. सोबत ताहिनली पिदे घ्या, तिळाच्या गोडसर लगद्याची ही रोटी बुर्साची खासियत.

न्याहारीसाठी मात्र जुमालिकिझिक हे जवळचं जुनं गाव गाठा. निळ्या-पिवळ्या भिंतींची, पुढे आलेल्या सज्जांची घरं, मधून वाहतं पाणी असलेल्या दगडी गल्ल्या. घरांच्या अंगणातच न्याहारी मिळते: गेमलिकचे काळे ऑलिव्ह, पांढरं चीज, साय आणि मध, टोमॅटो-मिरचीत मोडलेली अंडी, घरचे मुरांबे. चहा संपेल तसा येत राहतो. दारात बायका रासबेरी आणि घरच्या शेवया विकतात. शनिवार-रविवारी शहरातून इतकी गर्दी येते की गल्लीत चालवत नाही. मधल्या वारी, सकाळी लवकर जावं आणि दुपारपर्यंतचा वेळ हाताशी ठेवावा.