मथी जेवली का?

कपाटाला वाळवी लागलीय का ते बघायला पुस्तकं खाली काढली होती. दुपारचे तीन, वीज गेलेली, आणि हाताला ‘श्यामची आई’ लागलं. कव्हर केव्हाच गेलंय. पाठीला मीच कधीतरी खळीनं वर्तमानपत्राची पट्टी चिकटवली होती. झटकून बाजूला ठेवायचं सोडून फरशीवर बसलो आणि उघडलं. पुस्तकं आवरायचं काम घरात मला कोणी सांगत नाही ते याचसाठी.

साने गुरुजींनी यातलं बहुतेक सगळं १९३३ च्या फेब्रुवारीत, नाशिकच्या तुरुंगात, पाच दिवसांत लिहून काढलं. आई गेली होती १९१७ साली. पंधराएक वर्षं साठलेलं पाच दिवसांत उतरलं. आम्हाला वाचायला मात्र अख्खी मे महिन्याची सुट्टी पुरली नाही.

आम्हाला म्हणजे मला आणि आजीला. तिला मोतीबिंदू. जेवणं आटोपली की माजघरात चटईवर आडवी व्हायची आणि म्हणायची, “वाच रे.” पुस्तकातल्या प्रकरणांना ‘रात्र’ म्हटलंय. एका रात्रीला एक लिमलेटची गोळी. रात्री ४२. हिशेब करूनच मी कबूल झालो होतो. पण बाहेर विटीदांडू रंगायचा. मग पानं गाळायला शिकलो. उलटताना खोकायचं. श्लोक आला की उडी. कुठेतरी आजी पदराचं टोक डोळ्यांना लावायची, आणि मला चीड यायची. रडवणाऱ्या पुस्तकांबद्दल माझ्या मनात तेव्हापासूनच अढी आहे. आपल्याकडच्या आईवरच्या कविता बघा, बऱ्याचशा आई गेल्यावरच्या. आहे त्या आईवर काय लिहिणार? ती आतून हाका मारत असते, आणि आपण “आलो गं” म्हणून तिथेच बसलेले.

तर शेवटच्या चारपाच रात्री उरल्या होत्या, आणि त्याच दिवशी वरच्या आळीशी सामना. मी दडपून थाप मारली. “मग श्याम आला. आईनं त्याला जवळ घेतलं. औषध लागू पडलं, ती बरी झाली. संपलं.”

आजी जरा वेळ गप्प. मग म्हणाली, “बरं झालं हो, पोचला पोर.”

मी उंबऱ्यापाशी चपला शोधत होतो, तेव्हा पुन्हा आवाज आला. “आणि मथी? जेवली का रे ती?”

“जेवली, जेवली,” म्हणत मी पळालो.

आज ती पानं नीट वाचली. शिकायला दूर गेलेला श्याम घरी पोचतो तेव्हा आई गेलेली असते. मथी तिची लाडकी मांजर. ती खाणं सोडते, आणि आईमागोमाग तीही जाते. हे सगळं मी न वाचलेल्या पानांत.

आजोबांचा आवाज खडा होता म्हणे. मी दोन वर्षांचा असताना ते गेले. रात्री कंदिलापाशी आजीला काय काय वाचून दाखवायचे, असं आत्या एकदा सांगत होती. मी लक्ष दिलं नव्हतं.

पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं गोळ्यांचा हिशेब आहे. दोनदा मोजल्या. ४२ रेघा. एकही गोळी सोडलेली नाही.