पूर मोठा की दुकान?

कृष्णाकाठचं गाव, सांगली जिल्ह्यातलं. बायपासवरून दोन वर्षं बैठका मोडत होत्या. आखण्या तीन: नदीकडून, कालव्याकडून, नाहीतर पेठेतलाच रस्ता रुंद करायचा. प्रत्येक बैठकीत आम्ही विचारायचो, "कुठला हवा?" की लगेच गट पडायचे.

त्या दिवशी समाजमंदिरात नकाशा लावलाच नाही. गणितज्ञ थॉमस साटी यांनी १९७० च्या दशकात मांडलेली ॲनालिटिक हायरार्की प्रोसेस, म्हणजे निकषांची जोडीजोडीनं तुलना करून निर्णय घ्यायची पद्धत, वापरायची ठरवली होती. निकष पाच: बागायत जमीन, पूर, अपघात, दुकानदारी, खर्च. त्यांच्या जोड्या लावल्या की दहा प्रश्न होतात. प्रत्येक जोडीत जास्त महत्त्वाचं काय आणि किती पट, ते १ ते ९ मध्ये सांगायचं. त्यातून निकषांची वजनं निघतात. उत्तरं एकमेकांना छेद देतात का, तेही कळतं; त्या विसंगतीचं गुणोत्तर ०.१० च्या आत लागतं.

पेठेतल्या अण्णांचं ०.३४ आलं. पुरापेक्षा दुकान मोठं, दुकानापेक्षा जमीन मोठी, आणि जमिनीपेक्षा पूर मोठा! सहकारी म्हणाला, हा कागद बाजूला ठेवू. मला ते पटेना. कागद घेऊन मी अण्णांशेजारी सतरंजीवर बसले.

"अण्णा, पूर मोठा की दुकान?"

त्यांनी भिंतीकडं बोट केलं. २००५ च्या पुराच्या पाण्याची रेघ गुडघ्याच्या जरा वर, २०१९ ची माझ्या खांद्याला. रेघेखाली रंगाचे पोपडे अजून सुटत होते. "पाणी आलं की दुकान गेलंच की, मॅडम. दोन्ही येगळी कशी मोजायची?"

अण्णा बरोबर होते, आमचे निकषच एकमेकांत गुंतले होते. पुरातलं नुकसान आम्ही दोनदा मोजत होतो. 'दुकानदारी' म्हणजे फक्त रोजचं गिऱ्हाईक, असं फळ्यावर लिहिलं आणि सगळ्यांकडून जोड्या पुन्हा भरून घेतल्या. मग प्रत्येक गटातल्या उत्तरांचा भूमितीय मध्य, म्हणजे गुणाकारातून निघणारी सरासरी, काढला. नदीकडची आखणी मागणारे आणि तिला विरोध करणारे, दोन्ही गटांत पूर सगळ्यात वर.

बराच वेळ कुणी बोललं नाही. मग मागून एका बाईंनी विचारलं, "रस्त्याचा भराव घातला तर पाणी तुंबणार कुणाच्या रानात?"

तेव्हा नकाशा उलगडला. अण्णांनी पेन मागून घेतलं आणि नदीकडच्या आखणीवर फुल्या मारल्या. "इथं, इथं आणि ह्या ओढ्यावर. नुसत्या मोऱ्या नकोत, पूल पाहिजे. पाणी हितनंच शिरतंय."

चौथी आखणी म्हणून ती आम्ही तिथंच लिहून घेतली.